आधी बँडवाल्याला ऐकवा

शिरपूरला माझं मोबाईलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, रिचार्ज, स्क्रीनगार्ड. पण खरं दुकान चाललं ते मेमरी कार्डांवर. 2010 च्या आसपास बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर रांग असायची. 2 जीबीचं कार्ड, भरायचे तीस रुपये. खेड्यावरचं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "अहिरानी भरी दे, मंग जागा उरनी ते हिंदी." कोणतं गाणं कोण मागतंय हे मला कॉम्प्युटरपेक्षा जास्त पाठ होतं. त्यातल्या एकाही गायकाला माझ्याकडून एक पैसा गेला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि रांग संपली. मग तेच गायक दुकानात यायला लागले, पेनड्राइव्ह हातात घेऊन. "आप्पा, मन्हं गानं कोन आयकी?"

गेली सात-आठ वर्षं मी हेच काम करतो. ज्यांच्या मागे कंपनी नाही, ज्यांचा करार कुठेच नाही, अशा खान्देशातल्या पोरापोरींची गाणी लोकांपर्यंत पोचवतो. पहिल्या गाण्याचे काही घेत नाही. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायला लागल्या की दहा टक्के. कसं करतो ते लिहितोय, कारण रोज फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो.

गाणं तयार झालं की पोरांचे हात शिवशिवतात. त्याच रात्री यूट्यूबवर टाकून मोकळे होतात, सकाळी व्ह्यूज मोजतात, 212. त्यातले साठ त्यांचेच. मी सांगतो, दोन महिने गाणं दाबून ठेव. आपल्याकडे गाणं फोनमधून रस्त्यावर येत नाही, रस्त्यावरून फोनमध्ये जातं. लग्नात वाजलं, नाचले, की दुसऱ्या दिवशी लोक ते शोधतात. शोधताना तुझंच सापडावं, एवढीच यूट्यूबची गरज.

म्हणून पहिली पायरी बँड. धुळे, नंदुरबार, जळगाव, इकडे मालेगाव-सटाण्यापर्यंत बँड म्हणजे नुसती पितळी वाद्यं नाहीत. गाडीवर भोंगे, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलक, आणि माईकवर गाणारा. एका हंगामात एक चांगला बँड किती गावांत जातो ते मोजून बघा. तेवढी जाहिरात विकत घ्यायला गेलात तर शेत विकावं लागेल.

बँडच्या मास्तरकडे कधी जायचं, हे फार महत्त्वाचं. ऐन लगीनसराईत गेलात तर तो तुमच्याशी बोलणारसुद्धा नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पौषात जा. पौषात लग्नं नसतात. गाड्या रंगायला गेलेल्या असतात, ऑक्टोपॅड दुरुस्तीला, पोरं रिकामी, आणि मास्तर नवीन गाणी बसवत असतो. त्या महिन्यात जे गाणं बसलं ते अक्षय्य तृतीयेपर्यंत वाजतं.

जाताना काय न्यायचं? पूर्ण गाणं, आवाज काढून टाकलेला नुसता संगीताचा ट्रॅक, आणि मोठ्या अक्षरात छापलेले शब्द. मोठ्या अक्षरात म्हणजे खरंच मोठ्या. गाणारा रात्री गाडीवर उभा राहून, हलत्या बल्बखाली वाचतो. कागदावर वर पट्टी आणि लय लिहा. बाकी प्रस्तावना नको. "आप्पांनी पाठवलंय, दोन लग्नांत वाजवून बघा, नाही जमलं तर सोडून द्या," एवढंच बोलायचं. पैसे देऊ करू नका. एकदा दिले की पुढच्या गाण्याला तो दर सांगतो, आणि मग न आवडलेलं गाणंही वाजवतो. ते आपल्याला नको असतं, कारण आपल्याला गाण्याची परीक्षा घ्यायची असते.

बँडवाल्याने आपल्याला पैसे द्यावेत असंही काही पोरांना वाटतं. तो विचार सोडा. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाच्या कार्यक्रमांत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कलम 52 मध्ये. तिथून रुपया येणार नाही. नाव येईल.

मग त्या लग्नाला जायचं. आमंत्रण नसलं तरी चालतं, खान्देशात वरातीमागे चालणाऱ्याला कोणी विचारत नाही. बँडच्या पुढे उभं राहू नका, तिथे प्यायलेली मंडळी कशावरही नाचतात. मागे राहा. कडेने चालणाऱ्या बाया बघा, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं बघा. दुसऱ्या कडव्याला कडेची एखादी बाई गुणगुणली की गाणं पास. आणि नाचणारे नेमके कुठे थांबतात ते लक्षात ठेवा. बहुतेक वेळा गाणं सुरू होण्याआधीच थांबलेले असतात, कारण स्टुडिओवाल्याने सुरुवातीला चाळीस सेकंदांची बासरी घातलेली असते. बासरी सुंदर असते, मला आवडते. पण वरातीत चाळीस सेकंद म्हणजे पाच माणसं तंबाखू मळायला बाजूला गेली.

बोरिसकडचा एक पोरगा होता, आवाज खणखणीत. त्याने गाणं काळी तीनमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, गायलं होतं. चार बँडांना दिलं, चौघांनी ठेवून घेतलं, कोणीच वाजवलं नाही. मला कारण कळेना. शेवटी एका मास्तरने सांगितलं, "आप्पा, आमचा गाणारा संध्याकाळी चारपासून ओरडतो. रात्री नऊला त्याचा गळा तिथे जाईल का?" पुन्हा काळी दोनमध्ये ट्रॅक केला, बासरी आठ सेकंदांवर आणली. त्या वर्षी ते गाणं मी स्वतः अकरा लग्नांत ऐकलं. तेव्हापासून नियम केला की स्टुडिओत जाण्याआधीच बँडच्या गाणाऱ्याला चाल म्हणून दाखवायची. स्टुडिओचे आठ-दहा हजार दोनदा जाण्यापेक्षा बरं.

डीजेवाल्यांचं वेगळं. त्यांना गाण्याचे सुटे ट्रॅक द्या, ते त्यांच्या पद्धतीने ठोकून घेतील. अट एकच घालायची, फाईलच्या नावात गायकाचं नाव राहिलं पाहिजे. नाहीतर गाणं गावोगाव वाजतं आणि लोक त्याला त्या डीजेच्या नावाने ओळखतात. आणि रात्री दहानंतर भोंगा बंद, हे लक्षात ठेवून तुमचं गाणं आठ-साडेआठला लावायला सांगा. शेवटचं गाणं म्हणून ठेवलेलं गाणं पोलिसांच्या गाडीबरोबर संपतं.

आता सुरत. हे मला उशिरा कळलं, तुम्ही लवकर कळून घ्या. एका गाण्याचा यूट्यूबचा हिशेब उघडून बघत होतो, कोणत्या शहरातून किती लोक. मला वाटलं धुळे पहिलं असेल. पहिलं सुरत होतं. दुसरं नाशिक, पुणे तिसरं. धुळे त्यानंतर. मग डोक्यात उजेड पडला. लिंबायत, उधना, पांडेसरा, अर्धं खान्देश तिथे लूमवर आणि डाइंगमध्ये कामाला. नाशिकला सातपूर-अंबड, पुण्याकडे भोसरी-चाकण. गावात राहणाऱ्याला अहिराणी रोज कानावर पडते, त्याला तिची भूक नसते. बारा तासांची पाळी करून खोलीवर आलेल्याला असते.

तिथे पोचायचं कसं? जाहिरात लावून नाही. सुरतेहून आपल्याकडे येणाऱ्या लक्झरी बसेस आहेत, त्यांच्या ड्रायव्हरांना पेनड्राइव्ह द्या. रात्रभर त्याला जागं राहायचं असतं, गाणी हवीच असतात. सुरत-भुसावळ लाईनच्या गाड्यांमध्ये नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरची पोरं असतात, ती एकमेकांना गाणं पाठवत बसलेली असतात. तुमच्या गावातले सुरतेत असलेले दहा जण शोधा. प्रत्येक गावाचा तिथे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, मयताची बातमी द्यायला, लग्नाची पत्रिका टाकायला, गाडीभाडं वाटून घ्यायला. त्या ग्रुपवर गायकाने स्वतः लिंक टाकायची नाही. गावातल्या कोणीतरी टाकायची, "आपल्या तात्याचा पोरगा आहे" म्हणून. गाण्यात गावाचं किंवा तापीचं नाव असेल तर उत्तम, पण ओढूनताणून घालू नका. सतरा गावांची नावं एका कडव्यात कोंबलेली गाणी मी ऐकलीत, एसटीच्या बोर्डासारखी वाटतात.

कॅलेंडर डोक्यात पाहिजे. इंग्रजी नाही, आपलं. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर आपल्याकडचे लोक पायी जातात, त्यामुळे देवीचं गाणं फाल्गुनातच बाहेर पडलं पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. गौराईचं गाणं त्याआधी पंधरा दिवस. लग्नाचं गाणं पौष-माघात बँडकडे, फाल्गुनात यूट्यूबवर. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडची पावरी-भिलोरी गाणी असतील तर होळी आणि 9 ऑगस्टचा आदिवासी दिन. पण त्या गाण्यांचं काम मी करत नाही, भाषा येत नाही मला. तिकडची पोरं स्वतःच आपल्यापेक्षा चांगलं करतात.

अधिक महिना बघायला विसरू नका. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लग्नाचे मुहूर्त नाहीत. ते ध्यानात न घेता मेमध्ये हळदीचं गाणं काढणारे निघतातच.

माझं स्वतःचं गाणं फसलं ते कानबाईचं. म्हणजे गाणं चांगलं होतं, फसलो मी. कानबाई ही आमच्याकडची देवी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन. मी हिशेब केला, शनिवारी रात्री टाकू, रविवारी घरोघरी वाजेल. गाणारी बाई अमळनेरकडची, पन्नाशीची, आवाजात असा गोडवा की रेकॉर्डिंगला स्टुडिओवाला गप्प बसला होता. रविवारी कोणीच वाजवलं नाही. सोमवारी विसर्जनातही नाही. आठवड्याने माझ्या आईने सांगितलं, "अरे, नैवेद्याच्या रोटासाठी दळण दळतात तेव्हापासून बाया गाणी काढतात. तेव्हा कानावर पडलं असतं तर म्हटलं असतं. रविवारी कोणाला नवीन गाणं शिकायला वेळ आहे?" आईला मी आधी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तेच गाणं तीन आठवडे आधी, व्हिडिओ न बनवता, नुसती ऑडिओ क्लिप करून बायांच्या भजनी मंडळांत फिरवलं. त्या वर्षी चाललं.

आता कागद. इथे पोरं कंटाळतात, म्हणून मी चहा मागवतो आणि दुकानाचं शटर अर्धं ओढतो.

साक्रीकडच्या एका गायकाने एका चॅनलवाल्याला गाणं पाच हजारांत दिलं. सही केली, कागद वाचला नाही. गाणं चाललं, व्ह्यूज करोडोंच्या घरात गेले. त्याला पुढे काहीच मिळालं नाही. ते एक वेळ सोडा. स्वतःचं गाणं त्याने स्वतःच्या चॅनलवर टाकलं तर त्यालाच कॉपीराइटचा दावा आला. माझ्याकडे तो कागद घेऊन आला तेव्हा त्यावर "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगासाठी" असे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांनी तो अडकला.

कायदा काय म्हणतो ते ऐका. गाण्याचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं. तोंडी दिलेलं दिलेलं नसतं. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क 5 वर्षांपुरतेच गेले असं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणजे कागद जितका कोरा तितका गायकाच्या फायद्याचा, आणि म्हणूनच समोरचा तो कोरा ठेवत नाही. सही करायच्या आधी "कायमस्वरूपी" खोडून "3 वर्षे" लिहा. तो नाही म्हणाला तर उठून या. चॅनलवाले पुष्कळ आहेत. आणखी एक, 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कागदावर सही करूनही सहजासहजी सुटत नाही. तो मिळवायचा तर आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, गाणी तिथे नोंदवावी लागतात. गायकांसाठी इसाम्रा ही संस्था आहे, आधी तिचं नाव इसरा होतं. फॉर्म भरायला मी मदत करतो. पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि थोडा धीर एवढं लागतं. पहिल्या वर्षी काही येईल ही आशा ठेवू नका.

पण चॅनलवाल्यापेक्षा जास्त भांडणं आपसात होतात. लिहिणारा मित्र, चाल लावणारा मित्र, गाणारा मित्र, शूटिंग करणारा चुलतभाऊ. गाणं पडलं तर सगळे मित्र राहतात. चाललं की कोर्ट. म्हणून स्टुडिओत जाण्याआधी एका पानावर मराठीत लिहा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, पैसे कोणी घातले, आणि पुढे आले तर वाटणी कशी. चौघांच्या सह्या, तारीख, प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो. माझ्याकडे अशा पानांची एक फाईल आहे, दुकानाच्या वहीपेक्षा मी ती जास्त जपतो.

यूट्यूबचं चॅनल गायकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. मोबाईलवाल्याच्या ईमेलवर नको. माझ्यासुद्धा नको. पासवर्ड गायकाच्या घरात एका वहीत लिहिलेला असावा. जुनी ओवी किंवा परंपरेतली चाल घेतली असेल तर "परंपरागत" असं स्पष्ट लिहा. कधीकधी तीच चाल आधी कोणीतरी टाकलेली असते आणि यूट्यूबचं यंत्र तुम्हाला चोर ठरवतं. घाबरून गाणं काढू नका, हरकत नोंदवा. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. माझ्या अनुभवात पुष्कळदा समोरून उत्तरच येत नाही आणि दावा सुटतो.

टाकण्याची बाकीची तयारी थोडक्यात. नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही. लोक "अहिराणी" हा शब्द इंग्रजीत चार प्रकारे लिहितात, खालच्या माहितीत चारही घाला. गाण्याचे पूर्ण शब्द पहिल्या कमेंटमध्ये टाकून ती वर अडकवून ठेवा, बँडवाले तिथूनच उतरवून घेतात. 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचं बघणं झालं की जाहिरातीचे पैसे सुरू होऊ शकतात, पण अहिराणी गाण्याला जाहिरातीचा दर कमीच पडतो, त्या भरवशावर नोकरी सोडू नका. स्पॉटिफाय वगैरेंवर वितरकामार्फत टाका, तारखेच्या निदान सात दिवस आधी तिथल्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवून ठेवा. आपला ऐकणारा तिथे कमी आहे. तरी टाका, पुण्याला शिकणारी पोरं तिथेच असतात.

आकाशवाणीला लोक हसतात. मी हसत नाही. जळगाव केंद्राकडे लोकगीतासाठी स्वरपरीक्षेचा अर्ज करा. पास झालात की "आकाशवाणी कलाकार" हे तीन इंचांचं अक्षर बॅनरवर येतं, आणि गणपती मंडळाचा अध्यक्ष दर कमी करायला लाजतो.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. व्हिडिओखाली सुपारीसाठी फोन नंबर द्यावाच लागतो. तो नंबर मुलीचा कधीही देऊ नका, तिच्या आईचाही नको. मी दुकानाचं एक वेगळं सिम ठेवलंय. रात्री अकरानंतर त्यावर जे फोन येतात ते मी उचलतो आणि खणखणीत "कोण बोलतंय?" विचारतो. निम्मे तिथेच कटतात. घाण कमेंटा रोज सकाळी पुसून टाकणं हे सुद्धा प्रसिद्धीचंच काम आहे. बाप सकाळी मोबाईल उघडून त्या वाचतो आणि पोरीचं गाणं बंद होतं. अशा दोन चांगल्या गाणाऱ्या मी गमावल्यात.

सुपारी ठरवताना निम्मे पैसे आधी, आणि ते फोन-पेवर, म्हणजे पुरावा राहतो. उरलेले स्टेजवर चढण्याआधी. कार्यक्रम झाल्यावर अध्यक्ष सापडत नाही, खजिनदार झोपलेला असतो. साऊंड कोणाचा, गाडीभाडं कोणाचं, जेवण आहे का, किती गाणी, हे फोनवर बोलल्यावर लगेच मेसेज करून टाका. आणि गायकाला सांगून ठेवा की स्वतःचं गाणं तिसरं घ्यायचं. पहिलं देवाचं, दुसरं लोकांना माहीत असलेलं, मग आपलं.

येत्या पौषात मला तीन मास्तरांकडे जायचंय, एक चोपड्याला, दोन शहाद्याकडे. तुम्ही जाल तेव्हा पेनड्राइव्ह दोन न्या. एक मास्तर ठेवून घेतो आणि परत देत नाही.